दिगंबररावांना अग्नी कोणी दिला

रिया आणि ईशान,

हा लेख आपल्या तालुक्याच्या दिवाळी अंकासाठी लिहिते आहे, पण तो आहे तुमच्यासाठी. संपादकांनी माझ्याकडे 'मुख्याध्यापिकेच्या आठवणी' मागितल्या. त्यांना गोड आठवणी हव्या असणार. त्या माझ्याकडे आहेतही. पण श्रावणात चौकात जो फ्लेक्स लागला, तो पाहिल्यापासून मला गोड काही सुचत नाही.

फ्लेक्सवर आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब आणि त्यांचे दोन्ही चिरंजीव हात जोडून उभे होते, पुरुषभर उंचीचे. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढ्या फोटोत पंडित सर. मजकूर असा: 'क्रीडामहर्षी, संस्थेचे आधारस्तंभ पंडित सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' आधारस्तंभ! हा स्तंभ संस्थेने एका दुपारी उपटून रस्त्यावर टाकला होता. मी ते पाहिलं. पाहिलं काय, उपटायला पहार मीच दिली. म्हणून हे लिहिणं भाग आहे. गाव आता त्या फ्लेक्सलाच इतिहास समजायला लागलं आहे.

आधी माझ्या कामाविषयी. तुम्हाला वाटतं आजी इंग्रजी शिकवायची. शिकवायची, पण ते कामातलं सगळ्यात सोपं काम होतं. मुख्याध्यापिकेचं खरं काम म्हणजे कागद. शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. त्यात मुलाचं नाव आणि जन्मतारीख एकदा लिहिली की ती त्याला जन्मभर चिकटते. एक गृहस्थ तीन दिवस माझ्या वऱ्हांड्यात ठाण मांडून बसले होते. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिचं वय दोन वर्षांनी वाढवून हवं होतं.

"बाई, दोन वर्सांनी काय व्हतंय? पोरगी तर तीच हाय ना?"

मी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. चौथ्या दिवशी ते मला शिव्या देत निघून गेले. सबंध नोकरीत त्या रजिस्टरात मी एकही खाडाखोड केली नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता पुढचं वाचा, म्हणजे त्या अभिमानाची किंमत कळेल.

पंडित सर आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशीचे होते. उंच, काळेसावळे, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. जन्म चकलांब्याकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरात. जात न विचारता संस्कृत शिकवणारं एक गुरुकुल तेव्हा आपल्या भागात होतं, तिथे ते शिकले. परळीला मामाकडे राहत असताना रेल्वेच्या लोकांचा फुटबॉल पाहून तोही शिकले. या दोन विद्यांवर ते फौजेत गेले, धर्मशिक्षक म्हणून.

हे पद काय असतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. फौजेत प्रत्येक धर्माचा एक शिक्षक असतो: पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री. रविवारी जवानांना देवळात जमवायचं, नव्या रंगरुटांना शपथ द्यायची, घरून वाईट पत्र आलेल्याजवळ बसायचं. लढाई लागली की जखमींच्या उशाशी बसायचं, आणि जे गेले त्यांचा शेवटचा विधी करायचा. तेव्हा प्रेतं घरी पाठवायची सोय नव्हती. तिथेच सरण रचायचं आणि घरी अस्थी पाठवायच्या. पंडित सर पलटणीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपरही होते. जवान बाहेरून ओरडायचे, "पंडितजी, मंतर मारो!" सर सांगायचे, "मंत्र काय मारतो, मी लाथ मारायचो. मैदानात सोवळं नसतं."

एकदाच मी त्यांना लढाईबद्दल विचारलं होतं. ते एकाहत्तरला आघाडीवर होते. जरा विचार करून म्हणाले, "मॅडम, मी तिथेही गोलकीपरच होतो. पुढच्यांना जे अडवता आलं नाही, ते माझ्याकडे यायचं."

फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शाळेत खेळाच्या मानधनी शिक्षकासाठी अर्ज केला. नेमणूक माझ्या सहीने झाली. आमच्या शाळेला आप्पासाहेबांच्या धाकट्या भावाचं, शहीद दिगंबररावांचं नाव आहे. ते एकाहत्तरलाच गेले. या योगायोगाचा मी तेव्हा विचार केला नाही. सरांनी तो केला असणार, पण ते बोलले नाहीत.

त्यांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला. केज तालुक्यात तेव्हा मुलींनी हाफपँट घालणं म्हणजे भूकंप. सरांनी सलवारीवरच खेळायला लावलं. गोलाचे खांब बाभळीचे. मैदानावरच्या रेघा परळीच्या वीजकेंद्राच्या राखेने आखायच्या. सूर मारायचा सराव भुसकटाच्या पोत्यांवर. गोलकीपर होती वैजंता, आठवीतली. लहान अंगाची, पण चेंडूवर अशी झेप घ्यायची की सर म्हणत, "ही पोरगी नाही, बहिरी ससाणा आहे."

आता तुम्हाला आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगायला हवी. दसरा झाला की इथली निम्मी गावं ऊस तोडायला बाहेर पडतात, ती उन्हाळा लागेपर्यंत. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सोबत असली की तो अर्धा कोयता धरला जातो. ती मोळ्या बांधते, धाकट्यांना सांभाळते, भाकरी थापते. पुढच्या वर्षी ती शाळेत परत येत नाही. तिचं लग्न झालेलं असतं. संघातल्या पाच मुली अशा घरांतल्या होत्या, वैजंता त्यांतलीच.

सर त्या पाचही घरी गेले. आयांशी बोलले. वैजंताची आई सोजरबाई मोठी रोखठोक बाई.

"सर, तरणी पोर म्हाताऱ्या सासूजवळ सोडून कशी जाऊ? काय झालं तर कुणाला इचारू?"

"मला विचारायचं. रोज सकाळी मैदानावर माझी हजेरी. संध्याकाळी मी स्वतः घरी पोचवीन. संघ आहे तोवर पोरगी माझ्या जिम्म्यात."

"आन तुमी न्हाई राहिले तर?"

"मी कुठे जातोय?"

"बरं. तुमच्या शब्दावर," सोजरबाई म्हणाली. बाकीच्या चौघींच्या आयांनीही हाच शब्द घेतला. म्हणजे सर शाळेत आहेत तोवर पाच मुली शाळेत. सर गेले की पाच मुली उसाच्या फडात. हा हिशोब मला पाठ होता, हे नीट लक्षात ठेवा.

सर्वपित्री अमावस्येला सकाळी मुली सरावाला आल्या, तेव्हा सर शेजारच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते. ओंजळीत तीळ आणि पाणी. त्यांच्या हातून ज्यांचे अंत्यविधी झाले, त्या सगळ्या जवानांची नावं ते दरवर्षी त्या दिवशी घेत आणि पाणी सोडत. दोन नावं मुसलमान जवानांची होती. ते दोघे गेले तेव्हा मौलवी पोचू शकले नव्हते, म्हणून माती देताना सर हजर होते. त्या दोघांसाठी ते पाणी सोडत नसत, नुसते हात बांधून नाव घेत. म्हणायचे, "त्यांची रीत वेगळी. आपण आपली लादायची नाही."

त्या नावांत दिगंबररावांचं नाव आलं. मुलींनी ऐकलं. रोज शाळेच्या फाटकावर वाचतात तेच नाव.

"सर, हे आपल्या शाळेचे दिगंबरराव का?" वैजंताने विचारलं.

"हो."

"तुम्ही त्यांना बघितलं?"

"शेवटी मीच होतो. अग्नी मी दिला."

नवरात्रात आठवीचा मराठीचा पेपर तपासताना मराठीच्या बाईंनी एक निबंध मला आणून दाखवला. विषय 'माझे आवडते शिक्षक'. वैजंताने तळ्यातली सकाळ लिहिली होती. शेवटचं वाक्य मला अजून आठवतं: 'आमच्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्यांना शेवटचं आमच्या सरांनी पाहिलं, म्हणून मला आमची शाळा जास्त आपली वाटते.' अक्षर सुंदर. एकही चूक नाही. मी हरखले. स्वतःच्या हाताने तो निबंध बाहेरच्या भित्तिफलकावर लावला, चार टाचण्या मारून, सरळ रेषेत. व्यवस्थितपणाचा मला भारी सोस.

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेबांची जीप आली. ते फलकासमोर उभे राहिले, मग माझ्या खोलीत आले.

"मॅडम, हे काय लावलंय भिंतीवर?"

"निबंध आहे. चांगला आहे."

"चांगला हाय म्हणून तर गाव वाचायलंय. आमच्या दिगूला काशीच्या पंडितानं अग्नी दिला. आमच्या बापानं गावाला तसं सांगितलं. मी दर सव्वीस जानेवारीला भाषणात सांगतो."

"मग ते खरं आहे का?"

"मॅडम, तुमी हैद्राबादला इंग्रजीत शिकलेल्या. तुमाला इथलं कळायचं न्हाई. आमच्या घरच्या माणसाला मेंढरामागच्या पोरानं अग्नी दिला, हे मी ऐकून घेऊ का?"

मुलांनो, त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, "आप्पासाहेब, लाज वाटू द्या." म्हटलं नाही. विचारलं, "मग काय करूया?" आजही ते वाक्य आठवलं की माझ्या कानशिलांतून वाफ निघते. त्यांच्यावर जेवढा राग आहे तेवढाच माझ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत आम्ही तिघे बसलो. आप्पासाहेब, पंडित सर आणि मी. मधल्या सुट्टीत आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून मी एक कागद तयार केला होता. मराठी निर्दोष, दोनच ओळी: 'कु. वैजंता हिने निबंधात दिलेली माहिती गैरसमजातून लिहिली आहे. कै. दिगंबरराव यांचा अंत्यविधी माझ्या हातून झालेला नाही.' खाली सहीसाठी मोकळी जागा. जन्मतारखेतली दोन वर्षं न बदलणारी बाई मी. हा कागद लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सरांनी तो वाचला. चष्मा काढून ठेवला.

"आप्पासाहेब, तुमच्या वडिलांना मी पत्र लिहिलं होतं. हिंदीत. अस्थींच्या सोबत."

"आलतं. चुलीत गेलं."

"वाचलं तरी का?"

"खाली तुमचं नाव आन गाव होतं. तेवढं बास झालं."

"दिगंबरराव शेवटी काय बोलले, ते त्यात होतं. आता सांगू?"

आप्पासाहेब खिडकीकडे पाहत म्हणाले, "नको."

सख्ख्या भावाचे शेवटचे शब्द समोर बसले होते आणि हा माणूस 'नको' म्हणाला! वीस-बावीस वर्षं त्या भावाच्या नावावर त्याने हार घेतले, मतं घेतली, शाळा काढली. का नको? तर ते शब्द चुकीच्या घरात जन्मलेल्या माणसाने ऐकले होते म्हणून.

सर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मी एवढं देतो. निबंध काढून टाका. पुढच्या वर्षापासून ते नाव मी मनात घेईन, मोठ्यानं नाही. कुणी विचारलं तर गप्प राहीन. मला संघ चालवू द्या."

"आन सही?"

"सही नाही."

"कावून? गप्पच राहणार हाय ना, मग लिहून द्यायला काय जातंय?"

"गप्प राहणं वेगळं. हे लिहिलं तर दोन गोष्टी होतील. एक म्हणजे, तिथे माझ्याशिवाय दुसरा पंडित नव्हता, तेव्हा तुमचा भाऊ कुणाच्याही हातून अग्नी न मिळता गेला असं ठरेल. ते तुम्ही सोसाल. दुसरी, माझी गोलकीपर खोटारडी ठरेल. उद्या प्रार्थनेच्या वेळी हे वाचून दाखवणार तुम्ही. त्यानंतर तिला गोलात कशी उभी करू?"

मी मध्ये पडले. "सर, बाकीचं सोडा. पाच मुलींचा विचार करा. एक सही, आणि त्या वाचतात."

ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तोच करतोय, मॅडम. तुम्ही पण करा. माझी नेमणूक तुमच्या सहीनं झाली. जाईन तर तुमच्याच सहीनं जाईन. आप्पासाहेबांना तो अधिकार नाही."

हे खरं होतं. नियमाप्रमाणे मानधनी शिक्षकाला कमी करायचं तर मुख्याध्यापकाची सही लागते. मी सही केली नसती, तर आप्पासाहेबांनी फार तर मला निलंबित केलं असतं, मी वरती दाद मागितली असती, महिने गेले असते. तेवढ्यात हंगाम सरला असता. त्या हंगामापुरत्या पाच मुली वाचल्या असत्या.

तुमचे बाबा तेव्हा बारावीत होते. घरात गोंधळ नको, असं मी मनाशी म्हटलं. हे कारण त्यांच्यावर ढकलण्यासाठी सांगत नाही. त्यांना तर हे आज कळेल. सांगते एवढ्यासाठी की भित्र्या माणसाकडे नेहमी एखादं चांगलं, घरगुती कारण तयार असतं.

आप्पासाहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. 'कामाची आवश्यकता नसल्याने'. मी सही केली. तारीख घातली. शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला, तर दुसऱ्या प्रतीवर नीट मारला.

सर उठले. मैदानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, पायरीपाशी थांबून मला नमस्कार केला आणि गेले.

निबंध मीच काढला. दुसऱ्या दिवसापासून वैजंता माझ्या तासाला मागच्या बाकावर बसू लागली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी टोळ्या निघाल्या. वस्तीजवळ ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत पाट्या, पातेली, गाठोडी, कोंबड्यांची डालगी, शेळ्या. शाळेला अजून तासभर होता. मी का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे पंडित सर आधीच होते. एकेका घराच्या बायकांपुढे जाऊन हात जोडत होते.

"शब्द मोडला माझ्याकडून. माफी असावी."

सोजरबाई गाठोडं बांधत होती. ती उठून उभी राहिली.

"तुमी कशाला हात जोडता, सर? तुमी न्हाई मोडला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काय वो बाई, तुमची सही व्हती म्हनं?"

"होती," मी म्हणाले.

"मंग आता बघायला आल्या का?"

बाकीच्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "वैजंताला माझ्याकडे ठेवा. माझ्या घरी राहील. शिकेल. मी जबाबदारी घेते."

सोजरबाईला ते पटत होतं, हे दिसत होतं. तिने पोरीकडे पाहिलं. वैजंता ट्रॉलीच्या चाकाजवळ उभी होती, अंगात शाळेचाच निळा फ्रॉक.

"जातीस का बाईंकडं?"

वैजंताने मला विचारलं, "आन त्या चौघी?"

माझं घर दोन खोल्यांचं होतं. एकीला कसंही सामावून घेतलं असतं. पाच जणींचं मी मनात आणलंच नव्हतं. तिथे जाताना वाटेत मी फक्त एकीचाच विचार केला होता, निबंध चांगला लिहिणारीचा.

"चौघींचं नंतर बघू," मी म्हणाले.

"मंग माझंबी नंतरच बघा," वैजंता म्हणाली, चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली आणि त्या चौघींच्या मधे गाठोड्यावर जाऊन बसली. एकीने सरकून तिला जागा दिली.

सोजरबाई जाता जाता मला म्हणाली, "पोरगी माझी हाय, बाई. ती म्हनती ते खरं."

ट्रॅक्टर सुरू झाले. पंडित सर ट्रॉलीबरोबर थोडे पुढे चालत गेले. मुलींना काहीतरी सांगत होते, ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. वैजंता मान हलवत होती. वळणावर ते थांबले. धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे परत आले. मला वाटलं आता बोलतील. मी तयार होते. खरं तर त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चला मॅडम," ते म्हणाले, "तुमची घंटा होईल आता."

मी गेले. वेळेवर पोचले.